उपरण्याखालची दोन बोटं

ती फिर्याद मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, साहेब, एखादी खुनाची सांगा, दरोड्याची सांगा. खून आणि दरोडे पुष्कळ झाले. माणूस रागाच्या भरात कुऱ्हाड घालतो आणि सकाळी स्वतःच ठाण्याच्या पायरीवर येऊन बसतो, त्यात सांगण्यासारखं फार काही नसतं. मी सांगणार आहे ती केस एका खेळाची. खेळाचं नाव रग्बी. मी तो तेव्हा पाहिला नव्हता, आजही पाहिलेला नाही, आणि त्यावाचून माझा तपास काही अडला नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी सांगलीत फौजदार होतो, मूळचा कोरेगावकडचा. सकाळची हजेरी घेतली, स्टेशन डायरी पाहिली, लॉकअप मोजलं आणि चहा मागवला, तेवढ्यात एक म्हातारा दारात उभा राहिला. ताठ पाठ, कडक धोतर, मिशीला पीळ. लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झालेला, आता ऊस करतो म्हणाला. आमच्याच तालुक्यातला निघाला. मी म्हटलं, बसा, काय फिर्याद आहे? तर म्हणाला, फिर्याद न्हाई सायेब, नुसतं ऐकून घ्या. ठाण्यात येऊन 'नुसतं ऐकून घ्या' म्हणणारा माणूस खरा त्रासात असतो. मी चहा त्याच्याकडे सरकवला.

त्याचा मुलगा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला तो परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, कैद्यांच्या यादीत नाव आलं नाही. 'बेपत्ता' एवढीच तार आली. आता सात वर्षं होत आली तेव्हा लष्कराच्या कचेरीतून कागद आला होता, की तुमचा मनुष्य मृत समजण्यात येत आहे, पत्नीने सही करावी म्हणजे पुढचं पेन्शनचं काम होईल. सून सही करीना. म्हातारा त्यावर काही बोललाही नव्हता. पण आता तिनं अंगावरचं सगळं सोनं नेऊन एका महाराजाला दिलं होतं, आणि तो महाराज सांगलीचा होता, म्हणून म्हातारा एसटी धरून माझ्याकडे आला होता.

"सोन्याचं सोडा सायेब," म्हातारा म्हणाला. "त्यो जर म्हनला की जिता हाय, तर ही पोरगी जलमभर दारात बसंल. आन मीबी बसंन."

हे शेवटचं त्यानं खिडकीकडे बघत सांगितलं.

तो महाराज मला ऐकून माहीत होता. नदीकडच्या एका पेढीच्या माडीवर खोली घेऊन राहायचा. भस्म नाही, माळ नाही, टेरिकॉटचा सदरा आणि गुळगुळीत दाढी. कुंडली बघायचा नाही, हात बघायचा नाही. त्याची रीत वेगळी होती. कुणी प्रश्न घेऊन गेलं, की हळदीचा भाव चढेल का, दाव्याचा निकाल कुठं जाईल, पोर होईल का, तर तो म्हणायचा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी काही ठेव ठेवा आणि माझी परीक्षा घ्या. परदेशात एक सामना व्हायचा आहे. खेळ असा की इथं कुणी पाहिलेला नाही, मीही नाही. त्याचा निकाल मी आज सांगतो. तो खरा ठरला तर तुमच्या कामाचं मी सांगितलेलंही खरं. खोटा ठरला तर तुमची ठेव जशीच्या तशी घेऊन जा.

त्या वेळी पेपरात खेळाच्या पानावर चार ओळींची बातमी होती, की रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना होणार आहे. एक संघ लाल जर्सीचा, एक काळ्या. देशांची नावं देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. आधी हा महाराज क्रिकेट घ्यायचा. पण क्रिकेटचा अंदाज आमचा पानवालासुद्धा बांधतो म्हणून लोक कुरकुरायला लागले. मग त्यानं हा खेळ काढला. आणि नेमका तोच खेळ त्या सुनेच्या नवऱ्याचा. त्यांच्या पलटणीत रग्बी खेळत. चिखलात माखलेला तो, काखेत नारळाएवढा लांबट चेंडू, असा फोटो त्यानं घरी पाठवला होता. तिनं तो महाराजापुढं ठेवला. त्या हरामखोराला आयतंच सापडलं. म्हणाला, बाई, तुझ्या माणसाचाच खेळ तुला उत्तर देईल. माझा निकाल खरा ठरला तर तो जिता आहे.

निकाल सांगायची तऱ्हाही ऐका. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात. आजूबाजूला शंभर माणसं असू द्या, आत काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. आणि एक पक्का रिवाज आहे, की उपरण्याखालचं तिसऱ्यानं विचारायचं नाही आणि दोघांनी सांगायचं नाही. बाप लेकाला विचारत नाही. महाराजानं हाच रिवाज उचलला. एक बोट म्हणजे लाल जिंकणार, दोन बोटं म्हणजे काळे. तुमच्या हातावर दाबणार, वर शपथ घालणार की सामना होईपर्यंत बोलायचं नाही. शपथेची गरजच नव्हती. आमची माणसं उपरण्याखालचं तसंही बोलत नाहीत.

मी म्हाताऱ्याला परत पाठवलं आणि विचार करत बसलो. गुन्हा कुठला लावायचा? फसवणुकीला फसवलेला माणूस लागतो. इथं ज्याचं खोटं ठरायचं त्याला ठेव परत मिळायची आणि ज्याचं खरं ठरायचं तो हात जोडून स्वतःहून द्यायचा. कुणाचं काही बुडत नाही, मग फिर्याद देणार कोण? असा स्वच्छ लबाड मी तोवर पाहिला नव्हता.

पहिली फिर्याद त्या बाईचीच मिळावी म्हणून मी गावाकडे गेलो तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेलो. ओसरीवर ती शेंगा फोडत होती, शेजारी आठेक वर्षांची लेक. तिशीच्या आतबाहेरची, कपाळाला ठसठशीत कुंकू. पदर सावरून उठली, पाणी दिलं, आणि मी विषय काढताच तोंड घट्ट झालं.

"सोनं माझ्या आईनं घातलेलं हाय," ती म्हणाली. "मी दिलं. चोरी झाली असं मी म्हनते का? मग तुमचं काय काम?"

मी म्हटलं, निदान त्यानं किती बोटं दाबली ते तरी सांगा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगं विचारलं. शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. सासरा जोत्यावर बसून तंबाखू मळत होता, तो मान वर करीना. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण राग तिचा नव्हता. इतकी खमकी बाई, आणि तिच्या सात वर्षांच्या दुखण्यावर तो गुळगुळीत माणूस पोट भरत होता, त्याचा राग होता.

सांगलीत परत आल्यावर मी महाराजाची गिऱ्हाईकं गोळा करायला लागलो. हळदीच्या पेठेतले एक जुने जैन व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, मला ओळखत होते. त्यांना ठाण्यात नाही, त्यांच्याच गादीवर जाऊन विचारलं. अण्णांनी पानाचा डबा माझ्यापुढं सारला आणि शांतपणे म्हणाले, साहेब, उपरण्याखालचं विचारायचं नसतं, तुम्ही बैल विकणाऱ्याच्या घरचे, तुम्हाला मी सांगावं का?

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. माझ्या बापानं कैक बैल विकले. मी हातातला टॉवेल पसरला, खाली हात घातला आणि म्हटलं, अण्णा, बोलू नका. त्यानं जसं दाबलं तसं माझ्या हातावर दाबा. म्हणजे आपल्या दोघांतच राहिलं.

अण्णांनी पानाचा डबा मिटला. मग हात टॉवेलखाली आला आणि माझं एक बोट दाबलं गेलं. लाल.

त्या आठवड्यात मी सांगलीत असा टॉवेल घेऊन फिरलो. गुळाचे अडते, एक शाळामास्तर, एक वकील, सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं आणि हात खुला केला. माझे हवालदार मागून हसत होते, फौजदारसाहेब कुठला बैल घेताहेत म्हणून. हसू दे म्हटलं. पण निकाल माझ्या विरुद्ध गेला. सगळ्यांचं एकच बोट. सगळ्यांना लाल. म्हणजे तो सगळ्यांना एकच सांगत होता. खरं बोलणाऱ्या माणसाचं लक्षण हेच. आमच्या वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि विचारलं की तुम्हाला दुसरी कामं नाहीत का. होती, भरपूर होती. मी 'आहेत साहेब' म्हटलं आणि सलाम ठोकून बाहेर आलो.

पण मला एक खटकत होतं. महाराज दर आठवडी बाजाराला कोरेगावला जायचा, तिथं एका खानावळीच्या मागच्या खोलीत बसायचा. सांगलीत एवढं गिऱ्हाईक असताना एवढ्या लांब कशाला? तिथल्या लोकांना कोण विचारणार, असं त्याला वाटत असावं. मी रजा टाकली, साध्या कपड्यांत कोरेगावच्या बैलबाजारात गेलो. तिथं बैलांची दलाली करणारे, आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात, त्यांतले बरेच जण महाराजाचे भक्त होते. मी एका थोराड हेड्यापुढं उपरणं धरलं. त्याला वाटलं मी बैलजोडीला आलोय. मी काय मागतोय ते कळल्यावर म्हणाला, "आयला, हा नवाच सौदा काढला गड्या तुमी." पण हात दिला.

दोन बोटं.

दुसरा हेडी, दोन बोटं. चहाच्या टपरीचा मालक, दोन बोटं. मी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि पहिल्यांदा त्या आठवड्यात पोटभर जेवलो. सांगलीला लाल, साताऱ्याकडे काळे. ज्या जिल्ह्याचं खोटं ठरेल त्याची ठेव परत, ज्याचं खरं ठरेल त्याची खिशात. दोन्हीकडे तो प्रामाणिक. माणसं बोलणार नाहीत याची खात्री आमच्या बापजाद्यांनी त्याला करून दिली होती.

सामना शनिवारी होता. शुक्रवारी मी अण्णांना ठाण्यात बोलावलं आणि त्या थोराड हेड्यालाही. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. समोरासमोर बसवलं, मध्ये टॉवेल पसरला आणि म्हटलं, आता माझ्या हातावर नको, एकमेकांच्या हातावर दाबा. ठाण्यात सगळे काम सोडून उभे राहिले. टॉवेल जरासा हलला. अण्णांच्या भुवया वर गेल्या. हेड्यानं पुन्हा दाबून पाहिलं, चुकलं की काय म्हणून. मग त्यानं हात ओढून घेतला आणि एक अशी शिवी दिली की ती मी जबाबात घेतली नाही. दोघांनीही तिथल्या तिथं फिर्याद दिली.

तासाभरात आम्ही माडीवर होतो. महाराज जेवत होता. मी त्याला हात धुवू दिला. पंचांसमक्ष कपाट उघडलं, मुद्देमालाचा पंचनामा केला. गाठोडी होती, प्रत्येकावर चिठ्ठी. बांगड्या, चांदीची भांडी, एका गाठोड्यात ते सोनं आणि फोटो. आणि एका मखमली डबीत पुष्कराजाची अंगठी. ती अंगठी कुठल्या बड्या असामीच्या बोटात असायची ते सगळ्या सांगलीला माहीत होतं. पंच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, लिहा.

ठाण्यात पोचतो तोच फोन. मग दुसरा फोन. मग माणूसच आला. म्हणाला, महाराजाला ठेवा, हवं तर फोडून काढा, फक्त ती डबी पंचनाम्यात नको. मी सांगितलं की पंचांच्या सह्या झाल्या आहेत, आणि झाल्या नसत्या तरी डबी आतच राहिली असती. तो म्हणाला, साहेब, नोकरीची बरीच वर्षं बाकी आहेत तुमची. मी म्हटलं, म्हणूनच नीट करतोय.

महाराजाची चौकशी मी एकट्यानं केली. हात लावला नाही. हा माणूस मारानं बोलणारा नव्हता, कौतुकानं बोलणारा होता. मी म्हटलं, तुझी युक्ती लाखात एक आहे, सांगली-कोरेगावच्या माणसाची नस तू ओळखलीस. तो खुलला. पाय हलवायला लागला. म्हणाला, साहेब, मी कुणाला दुःख देत नाही, मी आशा देतो. हरलेल्याला ठेव देतो, जिंकलेल्याला आनंद देतो. मी टॉवेल घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, आता उपरण्याशिवाय सांग. उद्या कोण जिंकणार?

"ते कुणाला सांगता येतं साहेब?" तो हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू गेलं, कारण दाराआड जबाब लिहिणारा रायटर आणि दोन पंच उभे होते.

मला वाटलं, काम फत्ते. पण माणसं काय चीज असतात ते मला सोमवार-मंगळवारनं शिकवलं. सामना काळ्या जर्सीनं जिंकला. सोमवारी संध्याकाळी पुण्याहून इंग्रजी पेपर आला, त्यात कोपऱ्यात निकाल होता. मंगळवारी सकाळी कोरेगावची माणसं एसटीनं ठाण्यात हजर. पुढे तोच थोराड हेडी, ज्यानं शिवी दिली होती. म्हणाला, साहेब, फिर्याद मागं घ्यायची हाय. मी विचारलं, का रं? म्हणाला, "आमचं खरं झालं की! दोनच बोटं दाबली व्हती त्यानं."

मी त्याला सांगितलं, त्यानं सांगलीवाल्यांना एक दाबलं होतं, तू स्वतः हात घालून पाहिलंस. तो म्हणाला, सांगलीवाल्यांचं सांगलीवाले बघतील. मी कपाळावर हात मारून घेतला. माणसाला खरं नको असतं, आपल्या बाजूचा निकाल हवा असतो. तो लागला की खरं-खोटं कोण बघतो?

दुपारी ती आली. सासरा बरोबर होता. तिच्या हातावर काय दाबलं होतं ते आता मला विचारायची गरज नव्हती, ती कोरेगावकडची होती. तिचंही खरं झालं होतं. सोनं महाराजाला द्या, माझा माणूस जिता आहे, असं म्हणायला ती आली असणार अशी मनाची तयारी करून मी खुर्चीत बसलो. सासऱ्याच्या डोळ्यांत तर तेच दिसत होतं.

मी तिला सगळं सांगितलं. एक बोट, दोन बोटं, अण्णा, हेडी, दाराआडचे पंच. मग मी पेपर पुढं केला आणि निकालही सांगितला, कारण लपवला असता तर मी आणि तो महाराज सारखेच झालो असतो.

"मी त्याला इचारलं व्हतं, माझा मानूस कुठं हाय," ती म्हणाली. "त्यानं मला खेळ सांगितला. काळं जितलं म्हनून माझा मानूस जिता हाय व्हय? आन लाल जितलं असतं तर तुमी सगळी मिळून त्याला मारनार व्हता?"

ती सासऱ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, मामंजी, आपल्याला ठावं न्हाई. एवढंच हाय. ठावं न्हाई. म्हातारा बाकावर बसला आणि त्यानं डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं. मग ती मला म्हणाली, घ्या माझी फिर्याद लिहून. आणि ते मिरवणारे जिंकलेले सगळे दाराशी उभे असताना, ज्या बाईचं भविष्य खरं ठरलं होतं, तिनं भविष्यवाल्याविरुद्ध फिर्याद दिली.

रायटरनं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. मग पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहून दबक्या आवाजात विचारलं, साहेब, 'अमुक यांची विधवा' लिहू ना? लष्कराचा कागद आहे म्हणतात. आवाज दबका होता पण तिला ऐकू गेला.

"पत्नी लिवा," ती म्हणाली.

रायटर घुटमळला. मी कागद ओढून घेतला आणि ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिली.

केस उभी राहिली तेव्हा हेडी फितूर झाले, अपेक्षाच होती. अण्णा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढतोय म्हणाले, पण उभे राहिले. तोवर माझी बदली झाली होती, पाटणला. अंगठीवाल्यांनी शब्द पाळला. लोक हळहळले, मी बिस्तरा बांधला. पाटण काही काळं पाणी नाही. तिथंही चोर होते, तिथंही ठाणं होतं, आणि तांदूळ सांगलीपेक्षा बरा मिळायचा. तारखेला पाटणहून एसटी बदलत सांगलीला यायचो, साक्ष द्यायचो आणि परत जायचो.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली, आणि ती मी नंतरच्या सगळ्या नोकरीत वापरली. लबाड पकडला म्हणजे सत्य सापडलं असं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ठाऊक नाही' हे उत्तर द्यायला आणि त्या उत्तरावर आयुष्य काढायला जी छाती लागते ती मी मोठमोठ्या साहेबांत पाहिली नाही. त्या बाईनं ठेव परत नेली, पुढं लेकीच्या लग्नात तिच्या अंगावर घातली, आणि लष्कराच्या कागदावर सही केली नाही. पेन्शन अडली. तिनं ऊस काढला.

आरोपीच्या वकिलानं माझ्या उलटतपासणीत शेवटचा डाव त्याच एका ओळीवर टाकला. म्हणाला, फिर्यादी बाई स्वतःला पत्नी म्हणवते, लष्करानं तर तिचा नवरा मृत समजला आहे. जी बाई एवढं साधं सत्य मानत नाही तिच्या शब्दावर कोर्टानं भरवसा का ठेवावा, आणि फौजदारानं असं खोटं फिर्यादीत कसं लिहिलं?

ती मागच्या बाकावर बसली होती, कपाळाला तेच कुंकू. मी न्यायाधीशांकडे तोंड करून सांगितलं, साहेब, ती ओळ माझ्या हातची आहे. मी पोलीस अधिकारी आहे. प्रेत पाहिल्याशिवाय आणि त्याचा पंचनामा केल्याशिवाय मी आजपर्यंत कुणाला मेलेला लिहिलेलं नाही, आणि यापुढेही लिहिणार नाही.

महाराजाला शिक्षा झाली. ती ओळ मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली, तिच्यावर मी कुणाला रेघ मारू दिली नाही.